अक्षरामागे चार पौंड

कीचच्या आवारात त्या हिवाळ्यात मी हिशेब लिहीत असे.
निळसर चुनखडीच्या लाद्या, छिन्न्यांचा डबा.
सॉमरसेटच्या सखल कुरणांवर पुराचं पाणी चढलेलं,
रस्ता कुठे आहे ते कुंपणांवरून ओळखायचं.

आयव्ही हेम्ब्रो आली गमबूट घालून,
मागे नवऱ्याचं कुत्रं.
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून आणलेलं :
रूबेन हेम्ब्रो. वाळुंजाच्या फोका तोडून पोट भरलं.
आणि खाली,
'ही लव्ह्ड आय, अँड आय लव्ह्ड ही.'

मुलगी लॉर्ना टाँटनला शाळेत शिकवते. ती म्हणाली,
"क्रियापदाच्या पलीकडे गेलं, की
'ही'चं 'हिम' होतं, मम्, 'आय'चं 'मी'.
दगडावर तरी नीट असू दे.
लोक शंभर वर्षं हसतील."

कीचने कानावरची पेन्सिल काढली.
"दोन अक्षरं वाढली. आठ पौंड."

मी आकडा मांडला आणि थांबलो.
माझ्या भाषेत कुणी कुणाच्या तावडीत सापडलं
तर त्याला शेपूट लागतं, ला नाहीतर शी,
चेहरा बराचसा तोच राहतो.
इथे 'आय'चं कुणी काही केलं
की अख्खा शब्दच उठून जातो,
खुर्चीत दुसराच बसलेला.
आणि तो दुसरा, माझ्या कानाला, मी.
कर्म झाल्यावाचून या भाषेत मी मी होत नाही,
हे त्या आवारात सांगणार कुणाला?

आयव्ही पाकीट सरळ करत राहिली.
"बावन्न वर्षं बांधावरून ओरडायचा,
'कम टु आय!'
'मी' असं कुणी आमच्या घरात नव्हतंच.
शाळेत बाई पट्टी उगारायच्या तोवर मी 'हिम' म्हणायचे,
फाटकाबाहेर आलं की ही."

लॉर्ना खिडकीकडे वळली.
पाणी बघत असावी.
मग, कुणालाच उद्देशून नाही, असं :
"डॅड शाळेत फोन करायचे.
'इज हर देअर?'
मी रिसिव्हर हाताने झाकायचे."

कीच म्हणाला, "ओळीच्या शेवटी एका अक्षराची जागा सोडतो.
दगडात नंतर घालता येतं,
काढता येत नाही."
'आय'पुढे मात्र जागा नव्हती.
तिथे काय करायचं ते कुणी विचारलं नाही.
मी आठ पौंडांवर रेघ मारली.

फेब्रुवारीत बिलाची बाकी आणायला गेलो
तर आयव्ही दफनभूमीत होती.
रात्री बर्फ पडून गेलेला.
'ही'च्या दोन्ही अक्षरांच्या खाचांत
काठोकाठ हिम भरलेलं.
तिने हातमोज्याच्या बोटाने ते कोरून काढलं,
आधी एका अक्षरातलं, मग दुसऱ्यातलं,
आणि थडग्यांमधून भटकणाऱ्या कुत्र्याला हाक मारली :
'कम टु आय.'