मंगळवारची राहिली

सुपात ओल्या फडक्याखाली तेंदूची पानं,
पानांखाली पत्र्याचा साचा,
साच्याखाली ती पट्टी:
एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी.
तपकिरी लोहाच्या, रक्तासाठी, आशाताई म्हणाली होती.
रंग थेट जर्द्याचा.
कुणी पाहिलंच तर वाटावं, तंबाखू सांडलीय.

विडी घरकुलात एक भिंत दोन घरांची.
पलीकडे कुणाला मळमळलं
तर अलीकडे बोटं मोजली जातात.
नवऱ्यापासून लपवायला काही लागत नाही.
तो टॉवेलच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
कानात मागांचा खडखडाट इतका साचलाय
की माझं गप्प असणं त्याला ऐकूच येत नाही.
लपवायची ती अत्तापासून.

अत्ता म्हणजे सासू, आमच्या तेलुगूत.
मराठीत आत्ता म्हणजे लगेच, या घडीला.
दोन पोरींवर तिसरं कधी?
दोन्ही भाषांत उत्तर एकच.

श्रावणात केंद्रावरचा साठा संपला.
पुढच्या सोमवारी ये.
पुढच्या सोमवारी: वरूनच आलं नाही.
वरून म्हणजे कुठून, विचारलं नाही.
वरून तर मूल येतं म्हणतात.
तांबी बसवून घे, नर्सबाई म्हणाल्या.
बोगमांच्या सुनेची आत सरकली, असं नळावर ऐकलं होतं.
खरं की खोटं, तेवढं विचारायचं होतं,
पण मागं रांग होती आणि बाईंना जेवायचं होतं.

मग अशोक चौकापर्यंत गेले.
आमच्या मेडिकलात यमुलांचा अंबादास बसतो,
तो मला वहिनी म्हणतो.
तिथल्या अनोळखी पोरानं पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळली,
जशी काही चोरी दोघांनी मिळून केली.
पाचशे विड्यांची मजुरी गेली.

रात्री पानं कापताना मनात येतं,
नवऱ्याच्या हातचे टॉवेल बोटीनं कुठं कुठं जातात.
कुठल्या तरी बंदराच्या गावात
एखादी बाई त्यात ओलं बाळ गुंडाळत असेल.
तिच्याकडे सोमवारी येतं का वरून?
की तिलाही एक चौक ओलांडून जावं लागतं,
जिथं तिला कुणी वहिनी म्हणत नाही?

मंगळवारी चेकरनं ऐंशी विड्या छाटल्या.
तोंड कडू झालं, भाकरी तशीच राहिली,
आणि ती पण.

बुधवारी अंगण झाडून आत आले
तर अत्ता उंबऱ्यात, उजेडाकडे पट्टी धरून.
तिला अक्षर येत नाही.
पण पंचविसाचा कट्टा हाती घेतला
की एक कमी असलेली तिच्या अंगठ्याला कळते.
अंगठा चंदेरी कागदावरून फिरला, थांबला.

"मंगळवारची राहिली," म्हणाली.
"आज दोन घे."

कसं माहीत, ते सांगितलं नाही.
बराच वेळ दोरा गुंडाळत राहिली, मग बोलली
ते भलतंच:
"आम्हाला ट्रकनं नेलतं. शाळेत कॅम्प हुता.
पोरांच्या बाकावर निजवलं.
अंगठा घेतला, स्टीलची बादली दिली.
चार झालती मला. नको हुतं, असं न्हाई.
इचारलं असतं तर हो म्हनले असते.
कुनी इचारलंच न्हाई."

त्या बादलीत आम्ही पानं भिजवतो.
लग्न होऊन आल्यापासून, रोज.
बुडाशी कसलीशी अक्षरं कोरलीत,
मी कधी वाचली नव्हती.

अत्ता तिसऱ्याचं विचारायची थांबली नाही.
गौरीला नणंदा आल्या, तेव्हाही विचारलं,
मोठ्यानं, पलीकडच्या घरात जाईल असं:
"अगं, तिसरं कधी?"
आणि विचारता विचारता
पदर सोडून
माझं सूप झाकलं.