दोघांत एक तंबू

खंडेनवमीला भट्टीला हार घातला, नारळ फोडला,
आणि चार दिवस उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये
कुणी लोखंड वितळवलं नाही.
कणकुंबीला पहाटेच्या बसमधून उतरलो:
मी, बसू हुक्केरी, आणि त्याच्या पोराचा तंबू,
ज्याची एक काठी घरीच राहिली होती.
ते आम्हाला रात्री कळायचं होतं.

चिगुळ्याच्या माउलीला हात जोडले.
तिथून पुढं जमीन मन बदलते.
पश्चिमेला एकदम तुटते, खाली गोव्याचं धुकं साचलेलं;
पूर्वेला इतकी सावकाश उतरते
की उतार आहे हे फक्त पाण्यालाच कळतं.
मधून आमची धार,
कुठं बैलगाडी वळेल एवढी,
कुठं एका माणसानं दुसऱ्याच्या मागं राहावं एवढीच.

पहिल्या रात्री काठीच्या जागी कारवीची फांदी.
बसूला उत्तरेकडं डोकं चालत नाही,
मला पाठीखाली दगड चालत नाही,
दोन्ही एकाच जागी निघाले.
कडक भाकरी, शेंगाचटणी, चिमूटभर कुंदा.
मग मोबाईल वाजायला लागले.
गोव्यात आपलं स्वागत आहे.
मी कूस बदलली. महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
बसूनं पाय ताणले. कर्नाटकात सुस्वागत.
याच नावांपायी आमच्या गल्लीत
पाट्यांना डांबर लागतं, बसच्या काचा फुटतात.
इथं नुसतं झोपल्या झोपल्या फिरून आलो.
बसू म्हणाला, "बंद कर ते. पाहुणचार बास झाला."

दुसऱ्या दिवशी भांडलो.
झरा उजवीकडं, तो म्हणाला. डावीकडं, मी.
छातीभर गवतात दोन तास,
आणि कॅनमध्ये हलवलं तर वाजेल एवढंच पाणी.
पंधरा वर्षांपूर्वीचा ओव्हरटाइमही मध्ये आला.
भांडण मराठीतच झालं.
बसू खरा पेटला की कन्नडात जातो,
तिथं मी पोचत नाही.
म्हणजे अजून परतायची वाट शिल्लक होती.
दुपारभर वीस पावलांचं अंतर राखून चाललो;
तो थांबला की मी बुटाची नाडी बांधायचो.

गवळीवाड्यावर जनाई येडगे म्हशी मोजत होती.
"दोघंच हायसा, आनि दोन वाटंनं आलासा?"
ताक दिलं. भांडं एकच.
आधी कोण, यावर आम्ही दोघंही म्हशींकडं बघत राहिलो.
"आणि झरा?" मी विचारलं.
"त्येच्यावरनंच चालत आलासा की.
गवताखालनं जातंय त्ये. बूट बगा जरा."
बूट ओले होते. दोघांचेही.

त्या रात्री तंबू लावला, न बोलता.
फांदी त्यानं धरली, दोर मी ओढला;
साचा बसवताना तीस वर्षं असंच चाललंय,
बोलायला लागतं कुठं?
मध्यरात्री कापडाच्या पलीकडं कुणीतरी श्वास सोडला.
लांब, ओला, भात्यासारखा.
गवा असावा. किंवा गवे.
गवत उपटल्याचा आवाज, चावल्याचा आवाज,
एक खूर, अगदी माझ्या कानाच्या उंचीवर.
बसूनं माझं मनगट धरलं.
भट्टीपुढं निबर झालेला तळवा, खडबडीत,
आणि आत घाम.
किती वेळ, सांगता येत नाही.
जनावर गेलं. हात तसाच होता.
मग तो झोपेत कन्नडात काहीतरी पुटपुटला.
पहिल्यांदाच वाटलं, अर्थ न कळता ऐकावं.

सकाळी गुळाचा चहा त्यानं केला.
पहिला ग्लास मला.
"डावीकडं नव्हताच झरा," म्हणाला.
"उजवीकडंही नव्हता," मी म्हटलं.
तिसरा दिवस असा, उताराचा, गुडघ्यांचा,
फारसं सांगण्यासारखं काही नाही.

सोमवारी भट्टी पेटली.
बसूच्या पोरानं गच्चीवर तंबू वाळत घालायला उघडला,
तर आतून कारवीची फांदी पडली,
पानं अजून दोन-तीन शिल्लक.
"हे काय?" त्यानं विचारलं.
बसू म्हणाला, "काठी. जपून ठेव."