पासंग

कागद आधी कोरा तोलायचा.
चिमट्यानं उचलायचा, तळहाताएवढा, गोल,
बंद खोलीत, पंखा बंद करून,
आणि श्वास रोखायचा,
कारण या काट्याला माझा श्वासही जड होतो.

मग तांडेल तो माहुलला नेतो,
पालिकेच्या शाळेच्या गच्चीवर,
यंत्राच्या तोंडात ठेवतो,
दुसऱ्या दिवशी परत आणतो
निरांजनावर धरलेल्या वाटीच्या बुडासारखा.
पुन्हा तोलायचा. वजा करायचं.
बाकी उरतं ते शहर.

यंदा उत्तरेकडच्या एका देशातून पाकीट आलं.
त्यांचा काटा आणि आमचा काटा एकच बोलतात का,
एवढंच पडताळायचं होतं.
दहा कागद त्यांचे इकडे, दहा आमचे तिकडे.
मी उघडलं आणि फोन लावला,
बाई, तुम्ही चुकून कोरेच पाठवलेत.
पलीकडे जरा वेळ शांत.
मग ती म्हणाली, नाही, वापरलेले आहेत.
जानेवारीतले. आमचा सगळ्यात वाईट आठवडा.
आणि संकोचून विचारलं,
तुमचे कागद धुराड्याच्या आतले का?
म्हटलं, नाही. शाळेच्या गच्चीवरचे.

तोलून पाहिलं.
त्यांचं अख्खं शहर
आमच्या एका रात्रीच्या पासंगालाही पुरेना.

कामेरकर सर म्हणाले, असं डावं-उजवं करू नका,
वर्षाची सरासरी काढा.
काढली.
सरासरीत जून ते सप्टेंबर येतात,
म्हणून आम्ही जरा माणसांत आहोत.
शिवाय दिल्लीचा रकाना शेजारी ठेवला
की आम्ही अगदी गोरेपान दिसतो.
सरांनी तो शेजारीच ठेवायला सांगितला.

तांडेलला खोकला आहे, दिवाळीपासून.
डॉक्टरनं विचारलं, विडी किती ओढता?
हा म्हणाला, ओढत नाही,
गच्चीवर चढतो.

संध्याकाळी डबी धुऊन झाल्यावर तो म्हणाला,
बघू तरी तो परदेशी कागद.
नियमात बसत नाही. दिला.
त्यानं उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला,
नाकाशी नेला.
म्हणाला, वासच नाही हो कशाचा.
मग बराच वेळ विचार करून,
तिथं गच्चीवर चढणारा माणूस
घरी जाऊन काय सांगत असेल,
काय आणलं आज म्हणून?

आणि त्याला ढास लागली.
तोंड फिरवलं त्यानं, पण उशीर झाला होता.

तो गेल्यावर मी कागद पुन्हा काट्यावर ठेवला.
शेवटचा आकडा थोडा हलला होता.
एवढंसं काहीतरी, पण होतं.
वहीत दोनच रकाने,
त्यांचा देश, आमचा देश.
पेन हातात धरून बसले.
बाहेर दिवे लागले, दिव्यांभोवती तांबूस गोळे.
ते वजन मी कुठल्याच रकान्यात
लिहिलं नाही.