एक पाय जमिनीला

मी पंच आहे, चालण्याच्या शर्यतीचा.
लोक हसतात. चालण्याची कसली आलीय शर्यत?
असते. नियम दोनच:
एक पाय कायम जमिनीला हवा,
आणि पुढे टाकलेला गुडघा ताठ, अंग त्यावरून जाईपर्यंत.
शंका आली की पिवळी पाटी दाखवायची.
एका बाजूला नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला मोडका कोन.
यंत्र नाही, दुर्बीण नाही,
पंचाच्या डोळ्याला दिसेल ते खरं.

डोळा माझा बरा आहे. कान त्याहून तिखट.
छत्तीस वर्षं नारायण पेठेतल्या शाळेत पी.टी. शिकवली
आणि रांगेत उभ्या पोरांचे न आणि ण निवडले,
तांदळातून खडे काढावेत तसे.

त्या सकाळी बालेवाडीला वीस किलोमीटर.
धडगावकडची रमिला पावरा
चौदाव्या फेरीपासून एकटीच पुढे.
वळणावर वाकून वाकून मी तिचे गुडघे पाहिले.
पाटी वर करावी लागली नाही.

मग ती दोरीपाशी आली, जिथे माईक असतात.
डोक्यावर ओला टॉवेल, डाव्या बुटाला रक्त.
पहिला प्रश्न इंग्रजीत.
तिने शिबिरात पाठ केलेलं वाक्य काढलं,
आय ॲम व्हेरी हॅपी, थँक्स टू माय कोच,
किमतीची चिठ्ठीही न काढलेलं.
दुसरा प्रश्न हिंदीत.
हिंदी ती मेसमध्ये शिकली.
तिच्यात भाजी मागता येते, भांडता येतं,
अभिमानबिभिमान नीट वाढून घेता येत नाही.
तिसरा आपल्यातलाच एक पुढे सरसावला:
"महाराष्ट्रात आहात ताई, मराठीत बोला!"
मागून दोघांनी टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवणारच होतो.
ती म्हणाली, "शेवटच्या फेरीत पानी नाही घेतलं.
थांबले असते तर पायांनी ऐकलं असतं, की मी दमले."

पानी.
माझा हात आपसूक पिशवीतल्या पाटीकडे गेला.
जमीन सुटली, अशी मनात नोंदही झाली.
वाक्य मात्र, आता आठवतो तर,
त्या दिवसभरातलं एकमेव वाक्य होतं.

(मराठी तिला भेटली सहाव्या वर्षी, आश्रमशाळेत.
भेटली तेव्हा गुरुजींच्या हातात पट्टी होती.
हे कोचने मला नंतर सांगितलं,
आणि मी माझी पिशवी
एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.)

तेवढ्यात फोन वाजला. घरून.
आणि रमिला बोलू लागली.
मला एक शब्द कळला नाही.
वेग कळला. मध्येच कुणाला तरी दटावलं ते कळलं.
इतका वेळ माईकसमोर ती लंगडत होती
हे ती चालायला लागल्यावर दिसलं.
मी सवयीने पाहत राहिलो, जिभेचे गुडघे असावेत तसा.
काही सापडलं नाही.

कॅमेरे तोवर खाली झाले होते.
एका पोरीने विचारलं, "आई काय म्हणाली? रडली?"
"शेळी व्यायली का विचारलं मी."
"मग?"
"व्यायली. दोन."

हे कुणी लिहून घेतलं नाही.
दुसऱ्या दिवशी पेपरात जाड टायपात
'मातीचं ऋण फेडलं!'
असं ती कुठल्याच भाषेत म्हणाली नव्हती.

पण तो दुसरा दिवस.
त्या दुपारी मी स्टॉपवर उभा, बसचा पत्ता नाही.
बाटल्यांची बादली घेऊन एक पोरगा आला.
"काका, पानी?"
जीभ टाळ्यापर्यंत गेली, तिथे जरा थांबली.
"दे," म्हणालो.
वीसची नोट दिली.
वरचे पाच रुपये परत घ्यायला मात्र
विसरलो नाही.