कोमट भिंत

कारूच्या पठारावर, जिथे मेंढ्यांपेक्षा माणसं कमी,
तिथे आता मोबाईल वाजत नाही.
तारेच्या कुंपणापलीकडे पांढऱ्या तबकड्या
कान लावून बसल्यात,
त्यांच्या ऐकण्यात लुडबुड नको म्हणून
मिता क्लासेनचा मायक्रोवेव्हसुद्धा
पोत्यात बांधून माळ्यावर गेलाय.

"ऐकतात तरी काय एवढं?"
लुंगा, तबकड्यांना वंगण घालणारा पोरगा,
रॉयबॉसचा कप दोन्ही हातांत धरून सांगतो:
सगळं सगळ्यापासून लांब जातंय, मावशी.
पाव फुगताना बेदाणे जातात, तसं.

मिता हसते. एकेचाळीस वर्षं पाव भाजलेत तिने.
"पावाला कड असते, लुंगा. डबा असतो.
आणि पीठ कुणीतरी मळलेलं असतं."
लुंगा कपात बघत राहतो.
"फुगायला लागल्यानंतरचं थोडंफार मोजता येतं.
त्याआधीचं...
'आधी' हा शब्द तरी तिथवर पोचतो का,
ठाऊक नाही."
रविवारी पाद्री इतकं खरं बोलत नाही,
तिच्या मनात येतं. ती त्याच्या कपात
न विचारता आणखी एक चमचा साखर घालते.

रात्री ती योहानचा स्वेटर काढते,
केपटाऊनला जाताना राहिलेला,
आणि दोन्ही हातांनी ताणते.
टाका टाक्यापासून लांब होतो.
एकही टाका चालत गेलेला नाही,
मधली जागाच वाढलीय.
कुठल्याही टाक्यावर बोट ठेवलं
तर तो म्हणेल, मी इथेच आहे,
बाकीचे निघाले.
ताणलेल्या लोकरीचा पीळही सैल पडतो.
उजेडाचंही तसंच, लुंगा म्हणाला होता,
येता येता ताणला जातो, तांबूस होतो.

योहानचा आवाजसुद्धा. तारेच्या फोनवर
दर नाताळला थोडा आणखी जाड, आणखी सावकाश.
कोण कुणापासून गेलं, हे भांडण
आज पहिल्यांदाच तिला फिजूल वाटतं.

पहाटे साडेतीनला ती मातीच्या भट्टीत हात घालते.
काल दुपारी विझलेली. राखही काढून टाकलेली.
निखारा नेमका कुठे होता, सांगता येऊ नये:
वर, खाली, डावीकडे, पार मागे
भिंत सगळीकडून सारखीच कोमट.

बाहेर तबकड्या एकदम मान वळवतात.
कुत्रा भुंकत नाही, सवय झालीय त्याला.
मिता हात बाहेर काढत नाही.
आज पीठ मळायला उशीर होणार.