डावीकडे बघा

कोच हुडाकनं नकाशावर बोट फिरवलं:
दक्षिणेकडून आण त्यांना, ग्लेनवुडवरून वर,
म्हणजे पार्कची झाडी डाव्या हाताला राहते.
धबधबा दाखव, जुनी पिठाची गिरणी दाखव.
आणि बोलत राहा.

मी अभ्यास-सल्लागार.
माझं काम वेळापत्रकं, राहिलेले विषय, गणिताची शिकवणी.
पण ज्याच्याकडे सात जणांची गाडी, त्याच्याकडे पाहुणे.

क्लीव्हलंडच्या विमानतळावर
जमारी प्रुइट दारातून वाकून बाहेर आला.
सहा फूट आठ इंच, वय सतरा.
मागे आई, लट्रिस,
काखेत बावीस कॉलेजांच्या पत्रांची फाइल.
गाडीत बसताच तो झोपला,
त्याचे गुडघे माझ्या पाठीत, थेट ओहायोभर.

बघण्याचा कार्यक्रम मला नवा नाही.
मी मालेगावची.
पुण्याची माणसं पोहे संपवून
बशी खाली ठेवता ठेवता विचारायची,
"तिकडं तुम्ही... राहता कसे?"
उंची जुळायची, शिक्षण जुळायचं, पत्रिकासुद्धा.
गाव जुळायचं नाही.
वडील सांगायचे, आमच्या गल्लीत रात्रभर माग चालतात,
खटखट थांबली तरच आम्हाला जाग येते.
पाहुणे हसायचे.
आठवड्यानं पत्र यायचं: योग नाही.

आणि आता मीच
यंगस्टाउनचे पोहे घेऊन उभी.
या गावाचं नाव काढलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात:
विझलेल्या पोलादाच्या भट्ट्या
आणि कुठल्याशा जमान्यात मोटारींखाली लावलेले बॉम्ब.
माझी न्यू जर्सीची बहीण अजून विचारते,
गाडी सुरू करायच्या आधी खाली वाकून बघतेस ना?
गंमतीत विचारते. दर दिवाळीला.

"डावीकडे बघा," मी म्हणाले, "सप्टेंबरातच पानं लाल व्हायला लागतात."

लट्रिस बघत होती समोर.
"आम्ही गॅरीचे," ती म्हणाली.
"माझ्या घरी अकरा कोच येऊन गेले.
चहा नको म्हणतात, केक नको म्हणतात.
खिडकीतून गाडी दिसेल अशीच खुर्ची निवडतात
आणि किल्ल्या खिशात ठेवत नाहीत.
तुमचा कोचही तसाच बसला होता.
उजवीकडं काय आहे?"

माझं बोलणं संपलं.
मी वळले.

घरं पाडलेली रांग.
प्रत्येक रिकाम्या जागेपुढं सिमेंटच्या तीन पायऱ्या,
तीन पायऱ्या चढलात की गवत.
एक म्हातारा यंत्र ढकलत होता,
एका माणसाचं घर, सात घरांचं गवत.
लट्रिसनं काच खाली केली.
"हे सगळं तुमचं?"
"नाही. शेजाऱ्यांचं."
"कुठं आहेत ते?"
त्यानं हात हलवला, टेक्सासपासून स्मशानापर्यंत
कुठंही लागू पडेल असा.
मग मागच्या सीटवरचे गुडघे बघून म्हणाला,
"पोरगा नोंदवलाय का आमच्याकडं?"
"अजून नाही."
"बरं," म्हणाला, आणि यंत्राची दोरी ओढली.

धबधबा आम्ही पाहिला नाही. उशीर झाला होता.
हुडाकला मी सांगितलं, पाहिला.

नोव्हेंबरात जमारीनं सही केली,
दक्षिणेकडं, एका मोठ्या नावाच्या शहरात,
जिथं ऊन फुकट मिळतं.
हुडाक म्हणाला, पोरगं आपल्याला नाही हरवलं,
गावानं हरवलं.
मी मान हलवली नाही. एवढंच केलं.

त्या रात्री लट्रिसचा मेसेज:
त्या माणसाचं गवत कापून झालं का?

काय कळवणार. बर्फ पडला होता.
दुसऱ्या सकाळी कामावर जाताना
मी उजवीकडं वळले.
गवत नव्हतंच दिसत.
तो फावडं घेऊन
पायऱ्यांवरचा बर्फ काढत होता,
तीन इथं, तीन तिथं,
आत कुणी जेवायला येणार असल्यासारखा.