प्रश्न चौथा, गुण पाच

मे महिना. लश्करमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर.
कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या कालच लावल्या,
आणि पुढ्यात नववीचे एकसष्ट पेपर.
कोरड्या प्रदेशातली झाडं कशी तगतात, लिहा.

साठ जणांनी निवडुंग लिहिलाय.
तोच, पुस्तकातला, पान एकशे बारा,
काटे डावीकडे, मेणाचा थर उजवीकडे.
मी खुणा करत गेले.
विसाव्या पेपरानंतर खुणाच मला करत होत्या.

एकसष्टावा हरविलास कुशवाह, राहणार घाटीगावकडचा.
लिहितो: आमच्या टेकडीवर करील आहे.
त्याला पानं येतात, नखाएवढी,
थोड्या दिवसांत तो ती टाकून देतो.
पान म्हणजे खर्च.
मग काडीच हिरवी राहते, काडीच रांधते.
शेळीला वाटतं मेलंय, ती पुढे जाते.
खाली खोडलेली एक ओळ, तरी वाचता येते:
शेळी परत येते.

आणि करधई. वैशाखात ती नुसतं लाकूड,
दगडाने ठोकली तर खणखणते.
थेंब पडायच्या आधीच, हवेला जरा ओल आली
की फुटते.
‘दादा कहते हैं, उसे ख़बर लग जाती है.’

उत्तरात पर्णरंध्र हा शब्द कुठेच नाही.
आकृती आहे, नावं दिलेली नाहीत,
घरच्या माणसांच्या फोटोखाली
कोण नावं लिहितं?
आदर्श उत्तराप्रमाणे: दोन.

तीस वर्षं मी हा धडा शिकवते आहे.
बस सातवीच्या सहलीची असो की लग्नाच्या वऱ्हाडाची,
शिवपुरीच्या रस्त्यावर खिडकीतून करधई दिसायची,
मी म्हणायचे, काय हे वाळकं रान!
माहेरचा, चिपळूणचा अनंत
तीनदा आणला, तीनदा मारला,
पाणी घालून घालून.

दोन लिहिले. खोडले. चार लिहिले.
समासात, नियमात बसत नसताना,
लाल शाईने विचारलं: शेळी परत का येते?

मग उठून मोटर लावली.
पाणी ताट्यांवरून उतरलं
आणि ती मुळं, उपटलेली, वाळवलेली,
दौलतगंजात किलोवर तोलून घेतलेली,
ओली होताच दरवळायला लागली.

मी उगाच त्यांना म्हटलं,
अजून?